मुद्दाम हरलेल्या शर्यती

ताझुको इसोबेला रागवायला कारण लागत नाही, असं नियोदो नदीकाठच्या त्या गावात सगळे म्हणायचे. साफ खोटं. कारण दरवेळी असायचं. टोफू विकत घेण्याआधी बोटाने दाबून बघणारं गिऱ्हाईक, घाटात मध्येच गाडी थांबवून फोटो काढणारे शहरातले लोक, 'बाईमाणूस असून घाटात गाडी चालवता, कमाल आहे' म्हणणारा बँकेतला साहेब. यांच्यावर रागवायचं नाही तर काय आरती ओवाळायची?

नवरा मित्सुगु पहाटे उठून टोफू करायचा आणि ताझुको तो छोट्या पांढऱ्या गाडीत भरून डोंगरातल्या वाड्यांवर न्यायची. वळणावर आली की खिडकीतून डोकं बाहेर काढून पितळी पिपाणी वाजवायची, मग बायका पातेली घेऊन रस्त्यावर यायच्या. तीस वर्षं हेच चाललं होतं. मित्सुगुकडेही परवाना होता, पण तरुणपणी त्याने एकदा गाडी भाताच्या खाचरात घातली होती आणि तेव्हापासून तो स्टिअरिंगला हात लावत नसे. घाट, गिऱ्हाइकं आणि भांडणं तिच्याकडे, सोयाबीन आणि गप्प बसणं त्याच्याकडे, अशी त्या घरातली वाटणी होती.

गेल्या हिवाळ्यात तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. जीव वाचला, डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की डोळे शाबूत आहेत, पण मेंदू डावी बाजू विसरतोय, समोर वस्तू असली तरी ती आहे हे तुम्हाला कळणार नाही, तेव्हा इतक्यात गाडी नको. ताझुकोने ऐकून घेतलं. पुढे पाय चालू लागला, हात वळू लागला, तसं तिने डॉक्टरांचं ते बोलणंही बऱ्या झालेल्या दुखण्यात जमा करून टाकलं.

बोटांना व्यायाम म्हणून सून चिनामीने तिला हातात मावणारं, डबीसारखं उघडणारं खेळाचं यंत्र आणून दिलं. त्यात 'गोरोगोरो' नावाची शर्यत होती. चित्रातले प्राणी चिमुकल्या गाड्यांत बसून डोंगर, समुद्र, मिठाईची दुकानं असल्या रस्त्यांवरून पळायचे. वाटेत तेलाची डबकी असायची, मागचा गडी पुढच्यावर भोपळे सोडायचा. ताझुकोने बेडूक निवडला. तो एकटाच रागावलेला दिसत होता म्हणे.

सुरुवातीला ती रोज हरायची आणि रोज यंत्र भिंतीवर फेकायच्या बेताला यायची. तिला सोबत म्हणून चिनामीने स्वतःचं यंत्र आणलं, मित्सुगुने आणलं, धाकटा दीर सुएहिरो शेजारीच राहायचा, त्यानेही आणलं. चार वाजता दुकानाची फरशी धुऊन झाली की चौघं रिकाम्या खोक्यांवर बसायचे. आणि उन्हाळ्यापासून ताझुको जिंकायला लागली. थोडीथोडकी नाही, रोज.

"बघा, बघा," ती म्हणायची, "भावजी, तुमचं ते रानडुक्कर विकून खा आता. लंगड्या बाईकडून मार खातंय."

"वहिनी, तुमच्यापुढे कोण टिकणार," सुएहिरो डोक्याला हात लावायचा.

मग एका दिवशी तिने जाहीर केलं, की सोमवारपासून गाडी काढणार. वर्ष होत आलं, डोंगरातल्या लोकांना टोफू नाही. तीन धडधाकट माणसांना रोज धूळ चारते म्हणजे हात, डोळा, डोकं सगळं जागेवर आलंय, आणखी कसली तपासणी हवी? तिघांनी माना डोलावल्या. आठवडाभर ती पिपाणीला राख लावून घासत होती. ती गाडी म्हणजे तिचा जीव होता, आणि तो परत मिळणार म्हणून ती चक्क दोन दिवस कुणावर ओरडलीही नव्हती.

शुक्रवारी चार वाजता फुमिनो तळलेला टोफू घ्यायला आली. देवळात नवीन पुजारी आले होते, त्यांची ही बायको, चाळिशीची, भरभर बोलणारी. चौघांच्या हातातली यंत्रं बघून तिचा चेहरा उजळला. तिने पिशवीतून स्वतःचं यंत्र काढलं आणि विचारलं, "काकू, मलाही घेता का? देवळात कुणी खेळतच नाही हो माझ्याशी."

"ये की," ताझुको म्हणाली. "हरलीस तर रडायचं नाही."

फुमिनो पहिली शर्यत जिंकली. ताझुको दुसरीसुद्धा आली नसती, पण बाकीचे तिघं अगदी वेळेवर भिंतीला धडकले. दुसरी शर्यतही फुमिनोने नेली. तिसऱ्या वेळी ताझुको ओठ चावून खेळत होती. बरं वाटत होतं तिला, खरं तर, कुणीतरी तोडीस तोड भेटलं म्हणून. पण बेडूक घसरत होता. पुन्हा पुन्हा घसरत होता, आणि कशावरून घसरतोय ते तिला कळत नव्हतं.

"काकू, एक विचारू?" फुमिनो यंत्रातून डोकं वर न काढता म्हणाली. "ती डावीकडची डबकी तुम्ही मुद्दाम घेता का? एकही सोडत नाही तुम्ही. त्यात काही युक्ती आहे का?"

"कुठली डबकी?"

"ही काय, ही. आत्ता गेलात त्यातून."

खोकं सरकल्याचा आवाज झाला आणि फुमिनो "आई गं" म्हणाली. सुएहिरोने तिला लाथ मारली होती.

ताझुकोने यंत्र मिटलं. आवाज डावीकडून आला होता. सुएहिरो डावीकडे. चिनामी डावीकडे. नवराही डावीकडे. रोज डावीकडेच बसत होते सगळे, आणि तिच्या उजव्या बाजूला इतके महिने नुसती भिंत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भावजी, इकडे या," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यामुळे सुएहिरो जास्त घाबरला. "उजवीकडे. मला दिसेल असं बसा. तुम्ही दोघंही. मला तुमची तोंडं बघू द्या एकदा."

तिघं उठून उजवीकडे आले आणि एका ओळीत बसले.

"कधीपासून?"

चिनामी एप्रनचं टोक पिळत होती. "आई, तुम्ही पहिल्यांदा जिंकलात ना, तेव्हा आजारपणानंतर पहिल्यांदा हसलात. म्हणून आम्ही…"

"आणि ते पहिलं जिंकणं? ते तरी माझं होतं, की तीही भीकच?"

चिनामीने एप्रनचं दुसरं टोक धरलं.

सुएहिरोने घसा साफ केला. ओसाकाला पंपाच्या कंपनीत आयुष्य काढलेला माणूस, त्याला बोलता यायचं. "वहिनी, यात अपमान कसला? नोकरीत असताना मी दर रविवारी मोठ्या गिऱ्हाइकाशी गोल्फ हरायचो. तेही एका फटक्याने. दोनने हरलं तर त्यांना शंका येते. मान द्यायची रीत आहे ही. मीच शिकवलं या दोघांना. मी पुढे जाऊन डावीकडची जमतील तेवढी डबकी अंगावर घेऊन तुमच्या वाटेतून पुसून टाकायचो, चिनामी जड गाडी निवडायची, दादा शेवटच्या वळणावर खोकायचा."

"आणि त्या गिऱ्हाइकांना हे कळायचं नाही?"

"कळायचं की. त्यांनाही ठाऊक, आपल्यालाही ठाऊक. बोलायचं कुणीच नाही."

"आम्हाला वाटलं, तुलाही ठाऊक असेल," मित्सुगु हळूच म्हणाला. "तू आमचं मन राखायला जिंकतेयस, असं वाटलं."

असली माणसं. एकजण दुसऱ्याचं मन राखतोय, दुसरा तिसऱ्याचं, आणि मधल्या मध्ये हिचं काय व्हायचं ते होऊ दे.

"भावजी, तुमची ती गिऱ्हाइकं गोल्फ जिंकली म्हणून दुसऱ्या दिवशी घाटात गाडी घालत नव्हती," ती म्हणाली. "सोमवारी मी गाडी काढणार, हे आठवडाभर ओरडून सांगतेय. मान हलवत होतात. तीन तीन मुंड्या, नंदीबैलासारख्या. सोमवारी काय करणार होतात?"

"बॅटरीची वायर काढून ठेवलीय," मित्सुगु म्हणाला. "किल्ली सोयाबीनच्या पोत्यात आहे."

"म्हणजे गाडी सुरू झाली नसती, आणि तुम्ही म्हणाला असतात, जुनी झाली बिचारी."

मित्सुगुने मान हलवली.

"शाबास. गाडीलाही खोटं बोलायला शिकवलंत. आणखी काय काय चालतं या घरात? सांगून टाका, आज सगळं ऐकून घेते."

मित्सुगुने आपलं यंत्र मिटून खोक्यावर ठेवलं. "जेवताना तुझी वाटी फिरवतो," तो म्हणाला. "डावीकडचा भात तसाच राहतो तुझा. संपलं म्हणून वाटी ठेवतेस. मग मी फिरवतो."

तिला आठवलं. जेवताना याचा हात मध्येच येतो, म्हणून ती रोज खेकसायची. त्यावर त्याने एकदाही उत्तर दिलं नव्हतं. तिला दुप्पट राग आला, कारण आता रागवायलाही धड माणूस समोर उरला नव्हता.

"गाडी सुरू होत नाही म्हटल्यावर मी काय केलं असतं?" ती म्हणाली. "गॅरेजवाल्याला फोन. त्याने चहा संपायच्या आत वायर जोडली असती. मग मी गेले असते घाटात, पिपाणी वाजवत. आणि तिथे कुणाला तरी उडवलं असतं. माझ्या लोकांपैकी कुणाला तरी, पातेलं घेऊन माझीच वाट बघत उभं असलेल्या माणसाला. त्याच्या घरी जाऊन तुम्ही काय सांगणार होतात? आम्हाला संकोच वाटला?"

चिनामी रडायला लागली. फुमिनो पिशवी उचलून दाराकडे सरकली.

"बस खाली," ताझुको म्हणाली. "या घरात खरं खेळणारी तू एकटी आहेस. आणि अहो, तुम्ही उघडा ते यंत्र. माझ्याशी खेळायचं. खोकलात तर याद राखा."

नवराबायको समोरासमोर बसून खेळले. मित्सुगु खेळला. खरं खेळला. ताझुकोचा बेडूक डबक्यांत घसरला, भिंतीला घासला, भोपळ्याखाली सापडला, आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं की रस्ता तर मोकळा होता. ती अर्ध्या वाटेवर असतानाच मित्सुगुची गाडी रेषेपार झाली. बिचाऱ्याच्या तोंडावर हसू फुटलं. किती दिवसांनी जिंकला होता तो. लगेच त्याने ते आवरलं, पण तिने पाहिलं होतं.

"हसा की," ती म्हणाली. "जिंकलात तर हसा. निदान ते तरी चोरून करू नका." मग तिने तळहात पुढे केला. "किल्ली."

त्याने पोत्यात कोपरापर्यंत हात घालून किल्ली काढली आणि तिला दिली. तिने ती पाहिली, एप्रनला पुसली आणि त्याच्या पुढ्यात टाकली.

"सोमवारी तुम्ही चालवायची. मी शेजारी बसणार."

"मला येत नाही ताझू."

"मलाही येत नाही. आजच कळलं."

सोमवारी गाडी निघाली. मित्सुगु बैलगाडीच्या वेगाने घाट चढत होता आणि ताझुको वाटभर त्याच्या नावाने शंख करत होती. क्लच सोडा, गिअर बदला, एवढं काय कवटाळताय ते स्टिअरिंग. मागे गाड्यांची रांग लागली. वारा बोचरा होता, म्हणून तिच्या बाजूची काच बंद होती, आणि पिपाणी वाजवायचं काम वळणावर थांबून मित्सुगुलाच करावं लागत होतं. ते तर त्याला गाडीपेक्षाही कमी जमत होतं.

वरच्या वाडीच्या वळणावर गाडी थांबली. इथे ओत्सुने आजी असायची. नव्वदी उलटलेली, वळणावरच्या दगडावर मांडीत पातेलं घेऊन बसणारी. आधी उशिरा आल्याबद्दल शिव्या, मग टोफू. जगात ज्या एका माणसाच्या शिव्या ताझुको ऐकून घ्यायची, ते हे माणूस. ताझुकोने समोर पाहिलं. रस्ता, कठडा, देवदाराची झाडं. आजी नव्हती.

"मेली वाटतं," ती म्हणाली. "वर्षभर आलो नाही आपण. मेली म्हातारी, आणि एकानेही कळवलं नाही. चला. चला म्हणते ना पुढे."

मित्सुगुने गाडी हलवली नाही. अवघड काही टाळायचं असलं की त्याचा चेहरा व्हायचा तसा तो झाला होता, आणि ताझुको ते बघत होती.

"आहे," तो म्हणाला. "तुझ्या दाराशीच उभी आहे. काच वाजवतेय."

ताझुकोने मान वळवली. आणखी वळवली, दुखेपर्यंत वळवली. काचेला नाक लावून ओत्सुने आजी उभी होती, एका हाताने पातेलं छातीशी धरून, दुसऱ्या हाताने काच ठोकत. तिचं तोंड चालूच होतं. ताझुकोने काच खाली केली.

"केव्हाची हाका मारतेय," म्हातारी कडाडली. "वर्षाने उगवलीस, आणि तोंड फिरवून बसतेस? एवढी कसली मिजास गं?"

सवयीने ताझुकोच्या ओठावर उलट उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं.

"तुम्ही दिसला नाहीत, आजी," ती म्हणाली. "या बाजूचं मला आता दिसत नाही."