रतनसिंगच्या गाडीची कमान

औंढ्याहून शिरड शहापूरकडं येताना गावाच्या अलीकडं डाव्या हाताला एक तांडा लागतो. तिथं लिंबाखाली रतनसिंगची पिकअप उभी असली की लांबून ती गाडी वाटायची नाही, रुसून बसलेलं जनावर वाटायचं. पुढून वाकलेली, त्यातही उजव्या अंगाला जरा जास्तच. नवखा माणूस हमखास म्हणायचा, चाक पंक्चर झालेलं दिसतंय. चाक धडधाकट असायचं. बसली होती ती ड्रायव्हरच्या बाजूची कमान. चाकाच्या वर लोखंडी पाट्यांची जी कमान असते, जी गाडीचा सगळा भार झेलते, तिचा बाक पार निघून गेला होता. तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही हे कळत होतं. रतनसिंगला तेवढं ते मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं, कमान गेलेली नाही, दमलेली आहे.

या दमण्यामागं खानदान होतं. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या लादून मुलूखभर हिंडणारे. ते दिवस सरले, बैलांच्या जागी मुरमाड जमीन आली, पण ओझ्याची विद्या काही घरातून गेली नाही. बैल पुढच्या पायांत दबायला लागला तर गोणी मागं सरकवावी. थकला तर त्याला मोकळा सोडावा. आणि ज्यानं जन्मभर भार वाहिला त्याला म्हातारपणी बाजार दाखवू नये. एवढं सगळं रतनसिंगला त्याच्या आज्यानं शिकवलं होतं. हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती तेव्हा त्यानं ही पिकअप जुन्यातली म्हणून घेतली आणि आज्याची सारी विद्या तिला लागू करून टाकली.

पोळ्याला गावातले बैल न्हाऊन सजायचे आणि रतनसिंग पिकअपला जॅक लावायचा. पुढचं अंग उचलून खाली दोन्हीकडं दगड रचायचा, म्हणजे कमानींवर भार नको. दिवसभर चाकं अधांतरी. बंपरला रंग, आरशाला गोंडे, बॉनेटवर पुरणपोळीचा नैवेद्य. संध्याकाळी दगड काढले की गाडी पुन्हा होती तशी खाली बसायची, आणि रतनसिंग म्हणायचा, बघा, सकाळपेक्षा किती वर आली. लोक मान डोलवायचे. सणासुदीला कोण वाद घालणार?

ओझ्याचंही तसंच. हळदीची पोती असोत, औंढ्याच्या दुकानांसाठी नारळ असोत, नाहीतर कुणाचं वऱ्हाड असो, सगळा भार तो हौद्याच्या पार शेपटाला घ्यायचा. गाडीचं नाक जरा वर यायचं आणि त्याचा जीव भांड्यात पडायचा. पण पुढची चाकं मग रस्त्याला नावापुरतीच टेकलेली असत, आणि वळणावर गाडी मालकाला न विचारता स्वतःच काय तो निर्णय घेई. खड्डा आला की लोखंडावर लोखंड आदळायचं. रूपाबाई, म्हणजे त्याची बायको, घडी घातलेली गोधडी बुडाखाली घेतल्याशिवाय त्या गाडीत बसायची नाही.

हे असंच चालू राहिलं असतं. पण पुजाला दिवस गेले.

पुजा रतनसिंगची एकुलती लेक, नरसी नामदेवच्या बाजूच्या एका तांड्यात दिलेली. जावई रणजीत गरीब स्वभावाचा. घरात चालायचं ते त्याच्या आईचं, सकरीबाईचं. मागच्या दिवाळीला रतनसिंग लेकीला घेऊन आला तेव्हा वाटेत एका खड्ड्यात पुजाचं डोकं टपाला असं आदळलं, की ती परत सासरी गेली तेव्हाही कपाळावर टेंगूळ होतं. सकरीबाईनं ते बघितलं आणि मनात गाठ मारून ठेवली. आता शिवरात्रीनंतर, सातव्या महिन्यात, पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी आणायची वेळ आली तेव्हा तिनं निरोप धाडला. सून पाठवायला ना नाही, पण त्या वाकड्या गाडीत पाठवणार नाही. गाडी सरळ नसेल तर बाळंतपण इथंच होईल.

भाड्यानं जीप करावी, असं कुणीतरी रतनसिंगला सुचवलं. स्वतःची गाडी दारात असताना भाड्याच्या गाडीत लेक आणायची म्हणजे तांड्यात तोंड दाखवायची सोय नाही. इकडं रूपाबाईनं लेकीसाठी नवी बाज विणायला काढली होती. ती विणता विणता एवढंच म्हणाली, की पोरगी आली न्हाई तर या बाजंवर तुमीच झोपा.

दुसऱ्या दिवशी रतनसिंग हिंगोलीला गफार मिस्त्रीच्या दारात उभा होता. गफारचं कमानपाट्याचं दुकान म्हणजे रस्त्याकडंचा एक पत्रा आणि त्याखाली लोखंडाचा ढीग. त्यानं गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि दोन्ही बाजूंच्या कमानी बदलायला सांगितल्या. रतनसिंग म्हणाला, दोन्ही कशाला, थकली ती उजवी, तेवढी बदला. डावीनं काय पाप केलं? गफारनं समजावून पाहिलं, कमान नेहमी जोडीनं बदलतात. त्यावर रतनसिंगनं त्याला विचारलं, की एका बैलाचा खूर गेला म्हणून कुणी दोन्ही बैल इकतं का? गफारच्या खानदानात कुणी बैल लादले नव्हते. त्यानं हात जोडले आणि पाना उचलला.

बोल्ट गंजून एकजीव झाले होते. डिझेल ओतून, घण घालून, गफारच्या तोंडून नाही नाही ते शब्द निघून शेवटी कमान सुटली. खाली ठेवली तर जमिनीला सपाट टेकली, बाकाचं नाव नाही. रतनसिंगला उगाच गलबलून आलं. गफार ती भंगारात टाकायला निघाला, तर यानं हात धरला. म्हाताऱ्याला बाजार दाखवत नसतात. कमान पोत्यात गुंडाळून हौद्यात ठेवली गेली, आणि नवी, काळीकुळकुळीत, चांगली फुगीर कमान उजव्या चाकावर चढली.

गाडी हिंगोलीच्या बाहेर पडली आणि डावीकडं निघाली. रतनसिंगनं स्टेअरिंग उजवीकडं ओढलं, ती सरळ झाली. हात जरा सैल सोडला की पुन्हा डावीकडं. औंढ्यापर्यंत त्याचे दंड भरून आले. गाडी आपल्याकडं वळलेली बघून एका चहाच्या हॉटेलवाल्याला तर वाटलं गिऱ्हाईक आलं, त्यानं कप धुवायला घेतला. तांड्यात आल्यावर गाडी उभी केली तर कालपर्यंत उजव्या कुशीवर वाकलेली गाडी आता डाव्या कुशीवर. जमलेली मंडळी हसू दाबत इकडं तिकडं बघायला लागली. रतनसिंग म्हणाला, नवीन आहे, रुळेल.

रूपाबाई बाज विणत होती. तिनं हातातली सुतळीसुद्धा खाली ठेवली नाही.

"नवा गोऱ्हा आन म्हातारा बैल एका जुवाला जुंपला," ती म्हणाली, "तर गाडी कुन्या अंगाला जाती, ते मला सांगा. तुमच्या आज्यानं येवढंच शिकवायचं ठेवलं व्हतं का?"

एवढी बैलांची विद्या, आणि जोडीचीच गोष्ट विसरलो, ही बोच त्याला भाकरी गोड लागू देईना. सकाळी तो मुकाट्यानं पुन्हा हिंगोलीला गेला. डाव्या बाजूची कमान गफारनं आदल्या दिवशीच ढिगातून काढून, पुसून, दाराशी ठेवलेली होती.

जोडी बसली आणि गाडीनं अशी मान वर केली, की रतनसिंगला ती ओळखू येईना. दोन पावलं मागं सरून त्यानं तिच्याकडं बघितलं. खरं सांगायचं तर लग्नात रूपाबाईकडंसुद्धा त्यानं इतकं टक लावून बघितलं नव्हतं. स्टेअरिंग एका बोटानं फिरत होतं. तो तसाच, घरी न जाता, नरसीच्या रस्त्याला लागला.

सकरीबाई अंगणातच होती. तिनं गाडीला एक फेरी मारली, वाकून बघितलं, आणि पदर खोचून स्वतःच पुढच्या सीटवर चढली. म्हणाली, डांबरी सडकेपर्यंत न्या आणि परत आणा, मग बघू. रतनसिंग मनात हसला आणि निघाला. पण नव्या कमानी म्हणजे ताठ कारभार. गाडी रिकामी, वर दाबायला काही नाही, आणि तांड्याची वाट दगडगोट्यांची. जिथं जुनी गाडी आपटायची तिथं ही टणाटण उडायला लागली. सकरीबाई दोनदा सीटवरून सुटली, एकदा तर रतनसिंगच्या खांद्यावर येऊन पडली. परत अंगणात आल्यावर ती कंबर धरून उतरली.

"इवाई, आधी तुमची गाडी आपटत व्हती," ती व्याह्याला म्हणाली, "आता उडून राहिली. माझी ही गत झाली, तर दोन जिवाच्या लेकराचं काय व्हईल?"

पुजा दारात उभी होती. काखेत गाठोडं, पायाला सूज, डोळे वडिलांवर. रतनसिंग गाडीच्या पायरीवर मटकन बसला. त्याला रडू येत होतं आणि तो ते लपवतही नव्हता.

"इनबाई, तिच्या याडीनं नवी बाज विणून ठेवली," तो विहिणीला म्हणाला. "म्या एकटाच दिसलो तर ती मला काय म्हनंल?"

याडी म्हणजे आई, तो शब्द दोघांच्याही घरचा. सकरीबाईला स्वतःचं पहिलं बाळंतपण आठवलं असेल, नसेल. तिनं नजर दुसरीकडं वळवली. तिच्या नजरेच्या मागोमाग रतनसिंगची नजर गेली, आणि ओसरीला लावलेल्या हरभऱ्याच्या पोत्यांवर थांबली. तो उठला. नवा बैल रिकामा चालवला तर उधळणारच. त्याच्या पाठीवर आधी भार पाहिजे. त्यानं विचारलं, ही पोती दोन दिवस उसनी मिळतील का?

रणजीतनं आणि त्यानं मिळून पोती उचलली. पहिलं पोतं रतनसिंगनं सवयीनं हौद्याच्या शेपटाला ठेवलं, आणि तिथंच थबकला. आज्याचा आत्मा कुठं असेल तिथं त्याची माफी मागून त्यानं पोतं ओढत ओढत पार पुढं, केबिनच्या पाठीला नेऊन टेकवलं. बाकीची त्याच्या शेजारी. कमानी जराशा लवल्या. सकरीबाई पुन्हा सीटवर बसली, पुन्हा सडकेपर्यंत जाऊन आली. या खेपेला उतरल्यावर तिनं लेकीच्या, म्हणजे सुनेच्या, काखेतलं गाठोडं घेतलं आणि गाडीत ठेवलं.

एवढ्यावर ती ऐकणार नव्हतीच. गोधडी घेऊन ती पोत्यांवर चढून बसली. म्हणाली, मीबी येते, पोहोचवून माघारी फिरेन. गाडी जोरात गेली तर टपावर थाप मारीन.

आणि थापा पडल्या. हिंगोलीपर्यंत तर प्रत्येक खड्ड्याला एक, आणि जिथं खड्डा नव्हता तिथंही आगाऊ एखादी. रतनसिंग हळू जाई, मग आणखी हळू जाई. सायकलवाले पुढं निघून गेले. पुजा खुदुखुदु हसत होती, सासूच्या तक्रारी सांगत होती, याडी काय काय करून खायला घालील ते विचारत होती. गेले कितीक दिवस तिला धड झोप नव्हती, पाठ दुखायची, कुशीवर वळता यायचं नाही. औंढा मागं पडलं तशी तिची बडबड कमी झाली. मागच्या काचेतून अधूनमधून डोकावणाऱ्या सकरीबाईच्या थापाही विरळ झाल्या. रतनसिंगनं बाजूला बघितलं तर पुजा काचेला डोकं टेकून, तोंड जरासं उघडं टाकून, दोन्ही हात पोटावर ठेवून गाढ झोपली होती. लहानपणी ती अशीच झोपायची. गाडी खाली जाई, वर येई, आणि तिचं डोकं काचेवरून हलत नव्हतं. रतनसिंगनं आयुष्यात पुष्कळ भार वाहिले, पण इतका जपून त्यानं कधी काही नेलं नव्हतं.

तांड्याचं वळण दिसायला लागलं. रूपाबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन वळणावरच उभी होती, मागं चारसहा बायका. रतनसिंगचा पाय ब्रेकवर गेला. वळणापासून तांड्यापर्यंतची वाट खडकाळ, आणि नुसती गाडी थांबवली तरी लेक जागी होणार. त्यानं पाय काढून घेतला. गाडी वळणावरून सरळ पुढं निघाली.

रूपाबाईला आधी कळेचना. मग ती तांब्या हिंदकळवत सडकेवर धावत आली आणि ओरडायला तिनं तोंड उघडलं. रतनसिंगला ते आरशात दिसत होतं. आता टपावर दणका बसणार म्हणून त्यानं मान आखडून घेतली. दणका बसला नाही. उलट आरशातली रूपाबाई एकदम थांबली, तिनं पदर तोंडाला लावला आणि मागच्या बायकांनाही हातानंच थोपवलं. वर पोत्यांवर, तिच्याकडं तोंड करून, सकरीबाई ओठांवर बोट ठेवून बसली होती, आणि दुसऱ्या हातानं खुणावत होती, की येतो माघारी, जरा दम धरा.

शिरड शहापूर आलं आणि गेलं. पुजा झोपलेलीच होती. रतनसिंग वसमतच्या रस्त्यानं हळूहळू पुढं जात राहिला.