तीन वर्षांचा भूमिपुत्र

रसेल ब्रॅनिगन आयडाहोत राहायला आला, तेव्हा घरातलं एकही खोकं उघडायच्या आधी त्याने पाना शोधला आणि गाडीची कॅलिफोर्नियाची नंबरप्लेट उतरवली.

"आधी माझी कॉफीची किटली तरी शोध," बायको डोरीन दारातून म्हणाली.

"तुला कळत नाही. इथले लोक आधी प्लेट बघतात, बाहेरचे त्यांना नको असतात."

"आणि आपली तोंडं बघत नाहीत?"

रसेलने नवी प्लेट मिळेपर्यंत गाडी गॅरेजमध्ये दडवून ठेवली आणि दोघं पायी वाणसामान आणायला गेली. हॅलोवे गावात वाणसामान आणायला पायी जाणारी माणसं आजवर कुणी पाहिली नव्हती. त्यामुळे हे कॅलिफोर्नियाचे, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

घर त्याने असं घेतलं होतं: तिकडचं आपलं तीन खोल्यांचं गळकं घर त्याने अशा किमतीला विकलं, की विकत घेणाऱ्याची त्याला दया आली. मग इथे येऊन मागितली त्याहून जास्त किंमत मोजली, तीही रोख. या घरासाठी गावातल्याच शाळेतल्या एका मास्तरणीने आणि तिच्या नवऱ्याने आधी बोली लावली होती. "घासाघीस केलीच नाही!" ही गोष्ट रसेल पहिलं वर्षभर ज्याला त्याला सांगत होता. दुसऱ्या वर्षी गावातल्या घरांचे भाव चढले म्हणून मालमत्ता कराची नोटीस फुगून आली, तेव्हा तो टेबलावर हात आपटून ओरडला, "कोण आहेत हे मूर्ख? वाट्टेल ती किंमत देऊन घरं घेत सुटलेत!"

डोरीनने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा शब्दकोडं सोडवायला लागली.

तोवर रसेलच्या पायांत बूट आले होते, घोड्यावर बसणाऱ्यांचे. घोडा नव्हता. अंगणात पिकअप आला होता. त्यात वाहून न्यायला काही नव्हतं, पण मागे चिकटवायला जागा होती. तिथे त्याने 'आयडाहो भरलं आहे. परत जा' अशी पट्टी लावली. शेजारच्या वेडने ती पाहिली, हसला आणि जाता जाता पट्टीवर थाप मारून गेला. वेडच्या आजोबांचा जन्म याच गावातला. त्या थापेने रसेल आठवडाभर ताठ चालत होता.

नाक्यावरच्या खानावळीत सकाळी म्हाताऱ्यांची बैठक बसायची. अंड्यांचे भाव, घरभाडी, सिग्नलला लागणाऱ्या रांगा, सगळ्या गप्पा शेवटी एकाच ठिकाणी येऊन टेकायच्या.

"या बाहेरच्यांनी वाट लावली," वेड म्हणायचा.

"पार वाट लावली," रसेल म्हणायचा, सगळ्यांत मोठ्याने.

आणि वाढपीण कॉफी ओतता ओतता म्हणायची, "माझं भाडं पुन्हा वाढलं. मी आता पुढच्या गावात राहायला गेलेय. तिथले लोक मला म्हणतात, तुम्ही हॅलोवेवाले येऊन आमची भाडी वाढवता."

यावर सगळे हसायचे. ती हसायची नाही.

रसेलची मुलगी टेसा, जावई नेट आणि दोन नाती तळघरात राहायला आले, त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं होतं. महिनाभरासाठी आले होते. नेट वायरमन. गावात नवी घरं उठत होती, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. दिवसभर तो दुसऱ्यांच्या घरांत दिवे लावायचा आणि संध्याकाळी सासऱ्याच्या तळघरात, डोकं वाकवून, एका बल्बखाली जेवायचा. ज्या घरांत तो वायरी ओढत होता, त्यांतलं एकही त्या दोघांच्या पगारात बसत नव्हतं. भाड्याचं पाहिलं तरी तेच.

मग ऑर्व्हल स्टकीने जमीन विकायला काढली.

ऑर्व्हलचं कांद्याचं शेत रसेलच्या मागच्या ओट्याला लागूनच होतं. रोज संध्याकाळी पाय वर टाकून रसेल त्याकडे पाहायचा आणि म्हणायचा, "यासाठी आलो आपण इथे." तिथे आता एकाला एक लागून साठ जोडघरं होणार होती. छोटी, दोन मजली, अंगण रुमालाएवढं. पण टेसा-नेटला परवडणारी. बिल्डरने कामावरच्या माणसांना पहिली निवड द्यायची कबूलही केलं होतं. नेटने नकाशा आणला त्या दिवशी टेसाने त्यावर पेन्सिलीने मुलींचा दुमजली पलंग काढला.

"डॅड, हे झालं तर आम्ही तुझ्या मागच्या दारात. मुली कुंपणावरून उडी मारून येतील," ती म्हणाली. "नाही झालं तर नेटचा भाऊ आर्कान्सात बोलावतोय. उन्हाळ्याच्या आत ठरवायचंय."

"आर्कान्सा!" रसेल हसला. "तिथे काय आहे?"

"घरं आहेत."

या साठ घरांवर नगर परिषदेची जाहीर सुनावणी लागली. वेडने रसेलच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "आपल्यातल्या कुणीतरी नीट बोललं पाहिजे, गड्या. तुला बोलता येतं."

'आपल्यातल्या' हा शब्द रसेलच्या कानातून सरळ डोक्यात चढला.

"तू विरोधात बोलणार?" डोरीनने भांडी घासता घासता विचारलं. "टेसाच्या घराच्या विरोधात?"

"टेसाच्या कशाला? गर्दीच्या विरोधात. टेसाला दुसरं काहीतरी मिळेल."

"काय मिळेल?"

"काहीतरी चांगलं."

"दीड वर्ष ती काय शोधत होती, वाईट?"

"डोरीन, हा गावाच्या वारशाचा प्रश्न आहे."

"कुणाच्या वारशाचा?" असं म्हणून तिने तवा इतक्या जोरात आपटला, की तळघरातून नेटने वर हाक मारून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

सुनावणीला सभागृह खच्चून भरलं होतं. रिवाज असा, की बोलणाऱ्याने आधी नाव सांगायचं, मग पत्ता, आणि मग आपण किती पिढ्यांपासून इथले आहोत ते. शेवटचं कुणी विचारत नाही, सगळे सांगतात. तिसरी पिढी म्हटलं की माना हलतात, चौथी म्हटलं की टाळ्या पडतात. बोलायला मिनिटं तीन. त्यांतलं एक पणजोबाच घेतात.

रसेलचं नाव पुकारलं गेलं. त्याने नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि अडला. सभागृह वाट पाहत होतं.

"मी," तो म्हणाला, "आयुष्यभर पश्चिमेकडचाच माणूस आहे."

मागून कुणीतरी खोकलं. पण पुढे त्याने जे भाषण ठोकलं ते ऐकण्यासारखं होतं. मोकळं आकाश, काळी माती, कष्टकरी बापजादे, कांद्याचा तो दरवळ. "आमची जीवनपद्धती विकायला नाही!" असं म्हणून त्याने टेबलावर मूठ आपटली. टाळ्या पडल्या. वेडने तर शिट्टी वाजवली.

मग ऑर्व्हल उठला. काठी टेकत टेकत माइकपाशी पोहोचेपर्यंतच सगळे गप्प झाले.

"ऑर्व्हल स्टकी. पत्ता तुम्हाला माहीत आहे. पाचवी पिढी." टाळ्या पडायला लागल्या तसा त्याने हात वर केला. "थांबा. या गृहस्थांना कांदा आवडतो म्हणून ऐकलं. बरं वाटलं. माझ्या शेजारी राहून त्यांनी माझ्याकडून एक पोतंही कधी घेतलं नाही. त्यांना कांदा नको, कांद्याचा देखावा हवा. तर साहेब, माझे दोन्ही गुडघे गेलेत. देखावा हवा असेल, तर उद्या सकाळी खुरपं घेऊन या. फुकट देतो."

सभागृहात हशा पिकला. रसेलही हसला. हसण्याशिवाय चेहऱ्याचं दुसरं काय करायचं ते त्याला सुचेना.

"अजून कुणी?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

शेवटच्या रांगेतून टेसा उठली. कामावरून तशीच आलेली, दाताच्या डॉक्टरकडचा निळा अंगरखा अंगात.

"टेसा कूनरॉड," ती म्हणाली. मग तिने पत्ता सांगितला.

अध्यक्षबाईंनी कागदावरून नजर वर केली. "हा पत्ता आत्ताच झाला. मिस्टर ब्रॅनिगन यांचा."

"हो. ते वरच्या मजल्यावर राहतात. मी तळघरात."

आता मात्र लोक खुर्च्या बडवून हसले. टेसा थांबली. हसू संपेपर्यंत माइक धरून उभी राहिली.

"मी इथली किती पिढ्यांची? एकाही नाही. माझा नवरा तुमच्या घरांतले दिवे लावतो, मी तुमचे दात साफ करते. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांची तोंडं मी आतून पाहिली आहेत. मला या गावात एक घर हवंय. ही साठ घरं सोडून मला परवडेल असं एखादं कुणाला माहीत असेल, तर आत्ता सांगा. मी बसते."

लोक छताकडे बघू लागले. रसेल बुटांच्या टोकांकडे बघत होता.

मतदान झालं. चार विरुद्ध एक. योजना फेटाळली. त्या जागी एकेक एकराचे बंगले चालतील, असं परिषदेने सुचवलं. गावाचं गावपण राखलं जाईल म्हणे. बाहेर पडताना दहा माणसांनी रसेलशी हात मिळवले. "जिंकलास गड्या!" वेड म्हणाला. रसेलने मान उंचावून टेसाची गाडी शोधली. ती निघून गेली होती.

जूनमध्ये टेसा-नेटचं सामान आर्कान्साला न्यायला भाड्याचा ट्रक आला.

"किती घेतले याचे?" काहीतरी बोलायचं म्हणून रसेलने विचारलं. इकडे येताना ट्रकवाल्यांनी त्याची सालटी काढली होती.

"जवळजवळ फुकट," नेट म्हणाला. "इकडे भरून येतात, परत रिकामे न्यावे लागतात. कुणी घेऊन जातंय म्हटल्यावर खूश झाले."

रसेलने गादी धरली, खुर्च्या धरल्या, दोऱ्या आवळल्या. दोरीची गाठ कशी मारायची यावर त्याने नेटला लांबलचक सांगितलं आणि नेटने ते सगळं ऐकून घेतलं. डोरीन पुढच्या सीटवर जाऊन बसली. मुलींची शाळा लागेपर्यंत मदतीला, असं ती म्हणत होती. बॅगा मात्र तिने हिवाळ्याच्याही भरल्या होत्या.

टेसा शेवटचा दिवा उचलून बाहेर आली, तेवढ्यात रस्त्यावरून वेडचा पिकअप आला. वेग कमी झाला, काच खाली आली. त्याने ट्रककडे पाहिलं. रसेल ट्रकच्या मागे एकटाच उभा होता.

"काय रे, कोणी येतंय की जातंय?"

"जातंय," रसेल म्हणाला.

"वा! चला, एक बिऱ्हाड तरी कमी झालं!" वेडने हॉर्न वाजवला. "असेच गेले पाहिजेत सगळे, काय?"

रसेलने तोंड उघडलं. टेसा दिवा हातात धरून दारात उभी होती.

"काय?" वेडने पुन्हा विचारलं.

"हो," रसेल म्हणाला, आणि थोडासा हसलासुद्धा.