पंचेचाळीस डिग्रीचं संशोधन

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, द्रव पदार्थांच्या चिकटपणावर या भूतलावर सर्वांत जास्त बोललेला माणूस अमरावतीत माझ्या खोलीत राहत होता. सर्वांत जास्त ऐकलेला माणूस अर्थातच मी.

मी तेव्हा वकिलीचं शिकत होतो आणि माझा हा खोलीसोबती कॉलेजात भौतिक रसायनशास्त्रात संशोधन करत होता. म्हणजे एका वाकड्या काचेच्या नळीतून द्रव खाली सोडायचा आणि तो उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचा. नळी बिचारी कॉलेजात राहायची, घड्याळ मात्र त्याच्याबरोबर गावभर हिंडायचं. तेलाच्या दुकानात धार पडू लागली की हा घड्याळ काढी. लग्नाच्या पंगतीत पोळीवर तूप पडलं तरी काढी. खानावळीच्या बाई एकदा कढी वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, "पातय झाली असन त सरळ म्हना ना भाऊ. घडी काहून दाखवून राहिले?" त्यावर त्याने त्यांना कढी, तिचे थर आणि थरांचं आपसातलं घर्षण असं सगळं समजावून सांगितलं. बाई पळी हातात धरून ऐकत राहिल्या आणि आमची भाकरी तव्यावर करपली.

वऱ्हाडीत तो असा बोलायचा की न्हावी वस्तरा खाली ठेवून ऐके. पंचाईत इंग्रजीची होती. त्यांच्या विभागात संशोधक विद्यार्थ्यांनी सगळ्यांसमोर इंग्रजीतून व्याख्यान द्यायची चाल होती. रस्त्यात भेटेल त्याच्यापुढे हा तालीम करून जाई, पण फळ्यापुढे उभा राहिला की पहिलं वाक्य म्हणे, दुसऱ्यासाठी छताच्या पंख्याकडे पाही आणि तिसरं कधी कोणी ऐकलंच नाही.

त्यात त्याचे वडील. वरूडकडे त्यांची संत्र्याची बाग होती आणि मुलाविषयी एकच तक्रार होती. लहानपणी त्याला झाडांना पाणी द्यायला बसवलं की हा पाटात पानं सोडून ती कशी वाहतात ते बघत बसे. पाट फुटून पाणी शेजाऱ्याच्या बागेत जाई आणि आपली झाडं कोरडी राहत. असा मुलगा कॉलेजात तरी काय करणार, असं त्यांचं म्हणणं. त्या उन्हाळ्यात पुण्याहून एक प्राध्यापक त्याचं व्याख्यान ऐकायला येणार होते. त्यांना पटलं तर संशोधन पुढे चालणार, नाही तर बंद. वडिलांनी बंदच होणार असं धरून सकाळीच अमरावती गाठली, खोलीवर येऊन मुलाची वळकटी स्वतः बांधली आणि माझ्याबरोबर व्याख्यानाला येऊन मागच्या बाकावर बसले.

मे महिना होता. पुण्याचे प्राध्यापक ओला रुमाल डोक्यावर धरून बसले होते. आमच्या मित्राने पहिलं वाक्य म्हटलं, पंख्याकडे पाहिलं. त्याची दया येऊन प्राध्यापकांनीच इंग्रजीत विचारलं की, सगळं जग ही मोजमापं पंचवीस डिग्रीला करतं, तुम्ही पंचेचाळीसच का निवडलीत? यामागे काही खोल सिद्धांत असावा, अशा अपेक्षेने त्यांनी पेन्सिलही उचलली.

त्याने पुन्हा एकदा पंख्याकडे पाहिलं. मग त्याचं इंग्रजी संपलं आणि तो सुटला. "सर, अमरावतीत या दिवसांत पंचवीस डिग्री फक्त माठात असते. अन् माठात ही नळी मावत नाही."

नळी ज्या पाण्यात बुडवून ठेवायची ते तापवायचं यंत्र कॉलेजात होतं, गार करायचं नव्हतं. स्टेशनाजवळून आणलेला बर्फ कॉलेजच्या फाटकापाशीच संपायचा. तेव्हा त्याने हवेशी भांडण सोडून दिलं होतं. ती पारा जिथवर नेते त्याच्या जरा वर पाणी तापवून ठेवलं की पारा दिवसभर हलत नाही.

प्राध्यापकांनी रुमाल खाली घेतला आणि सगळं असंच सांगा म्हणाले. मग त्याने काय सांगितलं, तर बागेतला पाट. पाणी मधात पळते अन् काठाले रेंगाळते, काहून? काकवी थंडीत हालत नाही अन् उन्हाळ्यात धावते, काहून? पाटात पान सोडलं की कोणता थर कोणत्या थराला ओढतो ते त्याने हाताने हवेत दाखवलं. माझ्या शेजारी वडील हळूहळू पुढे वाकत होते. पान हा शब्द आला तेव्हा त्यांनी टोपी काढली.

आज तो दूर एका थंड गावच्या मोठ्या प्रयोगशाळेत आहे. तिथे पाणी गार ठेवणारं यंत्र आहे म्हणतात. वडील आता नाहीत, बाग दुसऱ्यांच्या हाती आहे. मी अकोल्यात वकिली करतो आणि मे महिन्यात माठातलं पाणी पेल्यात ओतताना हटकून त्या दुपारपाशी जाऊन पोचतो. व्याख्यान संपलं होतं, प्राध्यापकांनी अजून हो किंवा नाही म्हटलं नव्हतं. एवढ्यात मागच्या बाकावरचे ते धोतरातले गृहस्थ उठून उभे राहिले. टोपी हातातच होती. बागेच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तसा आवाज.

"ठेवून घ्या तुमीच याले, सायेब. संत्र्याच्या काही कामाचा नाही हा पोरगा."