तंबूतला दुसरा आवाज

म्हसा गावच्या जत्रेत बैलांच्या खुरांना पत्र्या मारायला येणारा टोकावड्याचा एक माणूस दर वर्षी आमच्या सिनेमाच्या तंबूत यायचा. मी दारावर तिकिटं फाडायचो, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही. आमचा मालक शहरात चालून झिजलेली जुनी चित्रं स्वस्तात आणायचा आणि हा मधोमध मांडी घालून त्यांची सालटी काढायचा. नायिकेच्या मागचा रंगवलेला डोंगर वाऱ्यानं हलला की ओरडायचा, “पळा रे, डोंगर आला!” गोळी लागलेला नायक गाणं संपवेना, तेव्हा म्हणायचा, “मर ना रे आता! आमची बैलं उपाशी हायत.”

लोक खूश, मालक मात्र जळायचा. एका वर्षी त्यानं मला बजावलं, “आज तोंड उघडलं तर बाहेर काढ त्याला.”

त्याच खेळात, ऐन मायलेकांच्या भेटीत, यंत्राचा आवाज गेला. चित्र तेवढं चालू राहिलं. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. तो आईचं बोलणं बोलू लागला, आपल्या बोलीत, हळू आवाजात. “किती वालला रे बाला. जेवला का नाय?” हसायच्या तयारीत बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

मी मालकाकडे पाहिलं. तो म्हणाला, “बसू दे.”

थोड्या वेळानं यंत्राचा आवाज परत आला. “म्हातारी लय रडते गो!” तो ओरडला आणि तंबू हसला. मी दारातून बघत होतो. पडद्यावरची आई बोलत होती आणि तिच्याबरोबर त्याचे ओठ हलत होते.