करंगळी बघणारे शेजारी

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर भूल देणारे एक डॉक्टर राहतात. जिन्यात मोठी माणसं भेटली की नुसती मान हलवतात. लहान मूल दिसलं की मात्र थांबून त्याची करंगळी हातात घेऊन बघतात. मला ते जरा विचित्रच वाटायचं.

निखिल, तू आठ महिन्यांचा असताना तुझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. भूल द्यायला हेच डॉक्टर होते. तुझे आईबाबा हिंजवडीहून येताना वाहतुकीत अडकलेले. मी तुझी मोहरीची उशी पुढे केली. "डोक्याखाली असू द्या."

"आजी, उशी मोठ्यांच्या डोक्याखाली. बाळाचं डोकंच एवढं मोठं असतं, की मान पुढे वाकून श्वासाची वाट दबते. मी याच्या खांद्याखाली घडी ठेवणार."

"आणि श्वासासाठी घशात घालता ती नळी केवढी?"

त्यांनी तुझी करंगळी उचलली. "साधारण एवढी जाड. आणि घालायची पटकन. मोठ्यांइतका वेळ बाळाचा श्वास पुरत नाही. तुम्ही उशी धरून बसा."

मी खरंच धरून बसले. तासाभराने आतून तुझं घोगरं रडणं ऐकू आलं, तेव्हा उशीची शिवण उसवून फरशीवर मोहरी सांडली होती.

डॉक्टर बाहेर आले, खाली बघून म्हणाले, "फोडणी इथेच देताय का?"

अजूनही जिन्यात मला विचारतात, "करंगळी केवढी झाली?" पट्टीने नीट मोजून रविवारी फोनवर सांग.