पंखा बंद असलेली गॅलरी

आमच्या गल्लीत देशमुखांची चित्रांची गॅलरी आहे. भर मे महिन्यातही तिथला पंखा बंद दिसतो, म्हणून काल न राहवून आत शिरले. छताला बारीक तारांवर पत्र्याच्या पातळ चकत्या टांगलेल्या. मी दोन पावलं टाकली आणि त्या हळूच फिरू लागल्या.

"अहो देशमुख, पंखा तरी लावा. गिऱ्हाईक उकडून पळेल."

"पळतंच, वहिनी. पण पंखा लावला तर हे पंख्याने हलेल. आत्ता तुमच्यामुळे हलतंय."

आता बघा, या माणसाने केस पांढरे होईपर्यंत असलीच कामं मांडली. भिंतीवरच्या चित्रांत ना झाड, ना बाई, ना गणपती, नुसते रंग. लोक विचारायचे, अर्थ काय? देशमुख म्हणायचे, जरा थांबून बघा. थांबणारे थोडेच. आता महिनाअखेर गॅलरी बंद करणार म्हणे.

"सकाळपासून हे हललंच नव्हतं," ते म्हणाले. "कुणी आलंच नाही, आणि मीही एका जागी बसून होतो."

मला वाटलं, आपण नुसते घरातून फिरतो तेव्हा काय काय हलत असेल! पडदा, देवापुढची ज्योत, कुणाचं मन. आपण कुठे वळून बघतो?

"उद्या भिशीच्या सगळ्या बायकांना घेऊन येते."

"पंखा लावणार नाही हं!"

"नका लावू. आमचे पदर आहेत वारा घ्यायला."

निघताना दार मुद्दाम जरा जोरात ओढलं. काचेतून पाहिलं, तर चकत्या गरगरत होत्या आणि देशमुख मान वर करून हसत होते.