झुंबर टांगणारा माणूस

लतीफचाचा गेल्याची बातमी मला शाळेच्या फाटकाशी कळली. बाजाराचा दिवस होता. आमच्या डोणगावचे एक शेतकरी कोर्टाच्या कामासाठी बुलढाण्याला आले होते. त्यांनी आधी कपाशीचं सांगितलं, मग विहिरीच्या पाण्याचं, आणि निघता निघता म्हणाले, “तुमचा लतीफ गेला ना जी. पंधरा रोज झाले.” ‘तुमचा’ हा शब्द त्यांनी सहज वापरला. मी मान हलवली आणि वर्गावर गेलो. त्या तासाला मुलांना काय शिकवलं ते आठवत नाही. ‘तुमचा’ म्हणवून घ्यायचा हक्क मला उरला होता का, एवढंच मनात घोळत होतं...

शेख लतीफ डोणगावात पत्र्याचं काम करत. घासलेटच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून ते चिमण्या, कंदील, भिंतीवरचे दिवे बनवत आणि त्यांना रंगीत काचा बसवत. मोहरमच्या सवारीपुढं आणि आमच्याकडच्या वरातीत, दोन्हीकडं त्यांचेच कंदील असायचे. ते माझ्या वडिलांचे शेजारी आणि सोबती. चौथी झाल्यावर वडील मला शेतीच्या कामाला लावणार होते. चाचांनी दोन संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून त्यांचं मन वळवलं आणि मला मेहकरच्या शाळेत स्वतः नेऊन घातलं. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. पुढं त्यांनी माझ्यासाठी एक दिवा केला. त्याला मागं चकचकीत पत्रा आणि वर असं झाकण होतं, की उजेड फक्त पुस्तकावर पडे. “दिवाच डोळ्यात भरला तं पुस्तक कसं दिसन?” असं ते म्हणत. त्या दिव्यावर मी मॅट्रिक झालो, मग नागपूरला जाऊन बी. ए. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिलाच. पदवी घेऊन गावी गेलो तेव्हा चाचांनी एकच गोष्ट मागितली. म्हणाले, “आता तू घर करशीन, नारायणा. त्या घरचा दिवा मी करीन. दुसऱ्या कोणाले सांगू नको.” मी हो म्हणालो होतो.

दिवा करण्याची त्यांची एक रीत होती. ज्याच्या घरी दिवा हवा त्याच्याकडं ते आधी दिवेलागणीला जाऊन बसत आणि घरात दिवा लावू देत नसत. अंधार आधी कोणत्या कोपऱ्यात येतो, घरची बाई कुठं चाचपडते, म्हातारं माणूस कोणत्या उंबऱ्याशी थबकतं, हे सगळं पाहून मगच दिव्याचा आकार आणि जागा ठरवत. गावातली माणसं त्यांची थट्टा करत, लतीफ अंधार मोजाले आला म्हणत. ते हसून मोजत राहत.

मला बुलढाण्याच्या शाळेत नोकरी लागली आणि दोन वर्षांनी राहायला बरंसं घर मिळालं. दिवाणखाना म्हणावा अशी एक खोली त्यात होती. आमचे हेडमास्तर पुण्याकडचे. एकदा शिक्षकांच्या खोलीत माझ्या तोंडून ‘मले’ निघून गेलं, तेव्हा ते हसले होते. माणूस वाईट नव्हता, पण ते हसणं माझ्या अंगावरून जाईना. शेजारच्या वकीलसाहेबांच्या बैठकीत काचेचं झुंबर होतं. आपल्या खोलीतही तसंच काही असावं, म्हणजे खोलीच आपल्या वतीनं बोलेल, असं मला वाटू लागलं. माझी पत्नी यमुना रंगीत काचेच्या हंडीला राजी होती, आणि खरं तर चाचांनाच विचारा असं तिचं म्हणणं होतं. “घर चार खणांचं अन् झुंबर राजवाड्याचं. त्याच्याखाली बसू तरी कुठं?” असं तिनं मला चिडवलंही. मी मुंबईच्या एका दुकानाचं सूचिपत्र मागवलं, कितीतरी दिवस त्यातली चित्रं उलटीपालटी केली आणि शेवटी चार बत्त्यांचं, लोलकांचं झुंबर मागवून घेतलं. डोणगावला काही कळवलं नाही. नंतर समजावून सांगू, असं ठरवलं होतं...

झुंबर आलं त्याच आठवड्यात मी हेडमास्तरांना आणि वकीलसाहेबांना चहाला बोलावलं. ते टांगायला सांगितलेला मिस्त्री काही आला नाही. दिवस कलला, पेटी खोलीत तशीच उघडी पडलेली, आणि दारात पाहतो तर लतीफचाचा. मेहकरच्या मोटारीनं आले होते, माझी खोली दिवेलागणीला पाहायला. मागं कधीतरी मीच त्यांना ‘या’ म्हटलं होतं. ते गादीवर टेकले, चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि मग त्यांना ती पेटी दिसली. त्यांनी एक लोलक उचलून खिडकीच्या उजेडात धरला. “हे तं नवाबाच्या घरचं आनलं बे तू,” म्हणाले आणि हसले. त्या हसण्यात राग नव्हता. मी काही बोलणार, तेवढ्यात पाहुणे आले. हेडमास्तरांनी गादीवरच्या माणसाचे काळे पडलेले हात पाहिले आणि विचारलं, “हे कोण?”

उत्तर द्यायला मला जराही वेळ लागला नाही, हेच आज सर्वांत जास्त सलतं. मी म्हणालो, “झुंबर टांगायला बोलावलंय.”

चाचांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. मग उठले, बसल्या जागेची चादर हातानं सारखी केली आणि म्हणाले, “स्टूल मंगवा, साहेब.”

साहेब... ज्या माणसानं मला हाताला धरून शाळेत नेलं, तो मला साहेब म्हणत होता, आणि माझी लाज राखण्यासाठीच म्हणत होता. ते स्टुलावर चढले. तुळई ठोकून पाहिली, कडी बसवली. प्रवासात वाकलेला झुंबराचा एक हात त्यांनी बोटांनीच सरळ केला, बत्त्यांत तेल भरलं, वाती कातरल्या. आतून चहा आला. यमुना चौथा कप घेऊन दाराशी आली, तिनं वर पाहिलं आणि कप घेऊन परत आत गेली. चारही बत्त्या लागल्यावर चाचा खाली उतरले, सर्वांना सलाम करून निघून गेले. “निवड उत्तम आहे,” हेडमास्तर म्हणाले, “आणि मिस्त्रीही कसबी दिसतो.” मी हसलो.

त्यानंतर डोणगावला गेलो की चाचा पूर्वीसारखेच भेटत. नारायणाच म्हणत, यमुनेची आणि मुलांची चौकशी करत. मी दर वेळी माफी मागायची ठरवून जाई आणि पाऊसपाण्याचं बोलून परत येई. माझ्या घरी मात्र ते पुन्हा कधी आले नाहीत.

बातमी कळल्यावर पहिल्या सुट्टीच्या दिवशी मी भेटायला गेलो. ओट्यावर पाचसात माणसं बसली होती. चाचांचा मुलगा बशीर मला जवळ बसवून सर्वांना सांगू लागला की अब्बा या मास्तरांच्या घरची गोष्ट नेहमी सांगायचे. मास्तरांनी त्यांना मोठमोठ्या साहेबांच्या बरोबरीनं गादीवर बसवलं, चहा पाजला, अन् समोर एक मिस्त्री झुंबर टांगून राह्यला होता. “हाव ना जी मास्तर?” त्यानं विचारलं. सगळे माझ्याकडं पाहत होते.

मी हो म्हणालो. दुसऱ्यांदा.

पुढचे आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. खरं सांगावं तर चाचांनी आपल्या माणसांसाठी जपलेली गोष्ट मोडते, आणि गप्प राहावं तर तो माणूस माझ्यामुळं पुन्हा एकदा स्टुलावर चढतो. शेवटी परत डोणगावला गेलो आणि चाचींना भेटायचं आहे असं बशीरला सांगितलं. त्या नवऱ्यामागचे इद्दतीचे दिवस पाळत होत्या, म्हणून दाराच्या पडद्याआड बसून बोलल्या. बशीर कामासाठी बाहेर गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं.

मग त्या म्हणाल्या, “मले ठाऊक हाय. त्या रोजच्या त्यायच्या कुडत्यावर चुना होता. पाव्हन्याच्या खांद्यावर छताचा चुना कुठून येईन, बेटा? मीनंच धुतला तो.”

चाचांना त्यांनी कधी विचारलं नाही. ते गोष्ट सांगत आणि त्या ऐकत. मी विचारलं, हे लिहू का? पडद्याआडून उत्तर आलं, “बशीरले मी सांगीन. तू लिह्य. पन त्यायचं नाव पुरं लिह्य.”

म्हणून लिहितो आहे. माझ्या दिवाणखान्यातलं झुंबर शेख लतीफ वल्द शेख इमाम, राहणार डोणगाव, तालुका मेहकर, यांनी टांगलं. त्या संध्याकाळी ते माझ्या घरी पाहुणे म्हणून आले होते.